‘भल खली, लइ भरि’ : पहिलीतल्या लेकीचं शुद्धलेखन

पत्राचा सारांश : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी सव्वासहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीत. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून तिला चिठ्ठ्या लिहायचा नाद लागला होता. कॅलेंडरच्या पाठीवर, लाइटबिलाच्या मागं, मिळेल त्या कागदावर ती लिहायची. त्यातली एक आजीसाठी होती : ‘आजि आमि रकळयाला गेलतो. भल खली. लइ भरि.’ सहामाहीनंतर शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, की वाचताना अडखळते, शुद्धलेखन फारच कच्चं आहे, बाराखडी घोटून घ्या. तेव्हापासून आई चुकलेला प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेते. चिठ्ठ्या बंद झाल्या आहेत. सासूबाईंचं म्हणणं, ‘आम्ही असंच शिकलो, पोरीला लाडावू नका.’ मिस्टरांचं म्हणणं, ‘येईल आपोआप.’ जावेचा मुलगा त्याच वयाचा, तो पेपर वाचून दाखवतो. एका क्लासनं तीन महिन्यांत वाचन-लेखनाची हमी दिली आहे, आणि जूनपासून इंग्रजी माध्यमात घालायचंही घरात बोलणं चाललं आहे. त्या विचारतात : ‘चुका तशाच सोडल्या तर कायमच्या बसतील ना? मी कडक राहू, की सोडून देऊ?’

ताई,

चिठ्ठीचा फोटो सोबत पाठवलात हे फार बरं केलंत. ‘आठ शब्द, आठही चुकलेले,’ असं तुम्ही खाली लिहिलंय. शाळेच्या हिशेबानं मोजणी बरोबर आहे. पण मोजायच्या आधी ती चिठ्ठी आपण नीट वाचू या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

‘गेलतो’पासून सुरुवात करते. ही चूक आहे असं मी मानतच नाही. तुमच्या घरात, गल्लीत, तालमीच्या कट्ट्यावर सगळे ‘गेलतो’च म्हणतात. पोरीनं ते जसंच्या तसं उतरवलं, मात्रा आणि काना-मात्रा जागच्या जागी देऊन. ‘आमि’चंही तेच. ‘आम्ही’मधला ‘ह’ तुम्ही-आम्ही बोलताना कितीदा उच्चारतो? तिच्या कानावर ‘आमी’ पडतं, ती ‘आमि’ लिहिते. आता ऱ्हस्व-दीर्घ. ‘आजि’, ‘आमि’, ‘भरि’ ऱ्हस्व आणि ‘खली’ दीर्घ. म्हणजे दोन्ही वेलांट्या तिला येतात, कोणती कुठं द्यायची हे ठरलेलं नाही. बोलताना आपण हा फरक क्वचितच पाळतो, त्यामुळं तो कानानं कळायचा नाही. डोळ्यांखालून पुष्कळ वाचन गेलं की मगच तो बसतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘हार्दीक शूभेच्छा’ वाचत मोठं होणाऱ्या गावात सहा वर्षांच्या पोरीला एवढ्यासाठी धारेवर धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला ‘रकळयाला’, म्हणजे ‘रंकाळ्याला’, रंकाळा तलावावर. हा शब्द मला सगळ्यात आवडला. अनुस्वार गेलाय, ‘क’चा काना गेलाय, मान्य. पण ‘ळ्या’ हे जोडाक्षर अजून शिकवलेलं नसताना तिनं काय केलं बघा. त्यात ‘ळ’ आहे आणि ‘या’ आहे हे तिनं ओळखलं आणि दोन्ही शेजारी-शेजारी मांडले. आवाज फोडून बघितल्याशिवाय हे जमत नाही. ‘भल’, ‘खली’, ‘भरि’ या तिन्हीत काने-मात्रे गळलेत, पण अक्षर एकही गळलेलं नाही. भे-ळ दोन, खा-ल्ली दोन, भा-री दोन, तिचीही दोन-दोनच.

मुलांच्या अशा लिहिण्याकडं ‘चुकलं’ म्हणून न बघता ‘काय विचार केला असेल’ म्हणून बघायला ज्यांनी शिकवलं, त्यांत एमिलिया फेरेरो यांचं नाव फार वरचं. त्या मूळच्या अर्जेंटिनाच्या. जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढं मेक्सिकोत काम केलं. 2023 मध्ये त्या गेल्या. आना तेबेरोस्की यांच्याबरोबर त्यांनी अजून वाचायला न शिकलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांपुढं कागद आणि शब्दांची कार्डं ठेवली आणि ‘हे वाचता येईल का?’, ‘तुला येईल तसं लिही’ असं विचारत बसल्या. 1979 मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं असं, की शाळेत कुणी शिकवायच्या आधीच मुलांनी स्वतःचे नियम केलेले असतात. एक-दोन अक्षरांचं कार्ड दिलं तर पुष्कळ मुलं म्हणत, हे वाचण्यासारखं नाही, निदान तीन तरी हवीत. तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तरी त्यांना चालत नसे. प्राणी मोठा असेल तर त्याचं नावही मोठं लिहायला हवं, असं काहींना वाटे. पुढं एक टप्पा येई, त्यात मूल तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक अक्षरध्वनीसाठी कागदावर एक खूण काढी. मग तोही नियम पुरेनासा होई, मूल अडे, चिडे आणि आवाज आणखी बारीक फोडू लागे.

स्पॅनिशची लिपी वेगळी, आपली वेगळी. तिकडचे टप्पे इकडं जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण तुमची लेक नेमकी अशाच एका वळणावर आहे, असं मला चिठ्ठीवरून दिसतं. ‘प्रत्येक आवाजाला एक अक्षर’ हे तिला पक्कं कळलंय. त्या अक्षराला वर, खाली, मागं, पुढं काय काय चिकटतं, हे आता बसतंय. आपल्या लिपीत काना-मात्रा न देता नुसतं ‘भ’ लिहिलं तरी त्यात ‘अ’ असतोच, त्यामुळं काहीतरी राहिलं हे मुलांच्या लवकर लक्षातही येत नाही.

आता तुमची भीती : चूक तशीच राहिली तर हाताला तीच सवय लागेल. ही भीती बहुतेक आईबापांना असते आणि शाळांनीच ती पिढ्यान् पिढ्या घातली आहे. चार्ल्स रीड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1971 मध्ये शाळेत न गेलेल्या इंग्रजी भाषक मुलांचं लिखाण तपासलं. मुलं ‘ट्रेन’सारख्या शब्दाची सुरुवात ‘च’साठी वापरतात त्या अक्षरांनी करत होती. एकमेकांना न भेटलेली मुलं तीच चूक करत होती, कारण कानाला तो आवाज खरंच तसा लागतो. मूल लिहितं तेव्हा त्या क्षणी त्याला जेवढं कळलंय तेवढं उतरवतं. समज वाढली की लिहिणंही बदलतं. तुमच्याकडं जुन्या चिठ्ठ्या असतील तर मे महिन्यातली आणि सप्टेंबरमधली शेजारी ठेवून बघा, फरक तुम्हालाच दिसेल.

याचा अर्थ मिस्टरांचं ‘येईल आपोआप’ बरोबर, असा मात्र नाही. बोलणं आपोआप येतं, वाचणं-लिहिणं शिकवावंच लागतं. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथं शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीतल्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता. वाड्यात मराठी, यादगीरमध्ये कन्नड. वर्गात अक्षरं आणि बाराखडी पुष्कळ होती, फळ्यावरून उतरवून घेणं पुष्कळ होतं. स्वतःचं काही लिहिणं आणि वाचलेल्याबद्दल बोलणं फार थोडं होतं. आणि एवढं घोटूनही बरीच मुलं तिसरीपर्यंत साधा मजकूर नीट वाचू शकत नव्हती. तेव्हा कडक राहू की सोडून देऊ, या दोन्हींतलं एक निवडायची गरजच नाही. तुमच्या मुलीनं लिहीत राहायला हवं, आणि लिहिताना तिला थोडी-थोडी नेमकी मदत मिळायला हवी.

‘थोडी’ म्हणजे किती, हेही तपासलं गेलं आहे. कॅनडात 2008 मध्ये दोन संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांच्या एका गटाला मनानं शब्द लिहू दिले आणि प्रत्येक वेळी त्या मुलाच्या लिखाणापेक्षा एकच पायरी वरचं रूप दाखवलं. एकदम पूर्ण शुद्ध नाही. दुसऱ्या गटाकडून नुसतेच आवाज ओळखण्याचे खेळ करून घेतले. पहिला गट नवे शब्द वाचायला जास्त सहज शिकला. मुलं इंग्रजीतली होती, पण एका वेळी एक पायरी ही गोष्ट मराठीलाही लागू पडायला हरकत दिसत नाही.

दहा वेळा लिहून घेण्याचं काय होतं ते एकदा शेजारी बसून बघा. ‘रंकाळा’ दहा वेळा लिहायला सांगितलं की मुलं आधी उभ्या ओळीत दहा ‘र’ काढतात, मग दहा ‘का’, मग दहा ‘ळा’, शेवटी वरून खाली दहा टिंबं. शब्द म्हणून तो एकदाही लिहिला जात नाही. हात दुखतो तो वेगळाच. हे आजपासून बंद करा.

त्याऐवजी एकच गोष्ट निवडा. चिठ्ठीवरून मी काना निवडेन, कारण तो सगळ्यात जास्त वेळा गळलाय आणि सगळ्यात सोपाही आहे. कागदाच्या चौकोनांवर मोठ्या अक्षरात व, र, द, त, च लिहा आणि चार-पाच आइस्क्रीमच्या काड्या घ्या. ‘व’ आणि ‘र’ ठेवले की ‘वर’. मध्ये काडी ठेवली की ‘वार’. शेवटी आणखी एक ठेवली की ‘वारा’. तसंच दर-दार-दारा, तर-तार-तारा, चर-चार-चारा. दर वेळी तिला मोठ्यानं म्हणू द्या आणि काडी तिच्याच हातानं सरकवू द्या. रोज दहा मिनिटं, पंधरा-वीस दिवस. या काळात वेलांट्या, अनुस्वार, जोडाक्षरं यांबद्दल अक्षरही काढायचं नाही. काना बसला की एक मात्रा, मग अनुस्वार. अनुस्वारासाठी तर तुम्हाला घराबाहेर पडायचाच अवकाश : केएमटीच्या बसवर ‘गंगावेश’, ‘रंकाळा’, दुकानांच्या पाट्यांवर ‘अंबाबाई’. टिंब कुठं कुठं दिसतं ते ती शोधेल, तुम्ही फक्त हो म्हणा.

आणि चिठ्ठीला उत्तर द्या. ताई, तुमच्या पत्रात मला एक गोष्ट कुठंच सापडली नाही : ती चिठ्ठी आजींना मिळाली का? तिनं ती आजींसाठी लिहिली होती आणि बहुधा ती थेट शुद्धलेखनाच्या वहीत गेली. मुलांना लिहिण्याचा खरा उपयोग कळतो तो समोरून उत्तर आल्यावर. आजींकडूनच लिहून घ्या : ‘रंकाळ्याची भेळ भारी असते. मला का नाही आणली?’ तिचेच तीन शब्द, बरोबर लिहिलेले, तिच्या हातात आले. त्यांचा हात लिहिण्याचा नसेल तर त्यांनी सांगावं, तुम्ही लिहावं, नातीनं वाचून दाखवावं. एकदा ही कामगिरी अंगावर आली की ‘आम्ही असंच शिकलो’ हा मुद्दा थोडा मऊ पडतो, असा अनुभव आहे. त्या शिकल्या हे खरंच आहे. पण त्यांच्या वर्गातली किती मुलं गमभन गिरवतानाच शाळा सोडून गेली, हेही त्यांना कधीतरी निवांत विचारा.

वाचनाचं अडखळणं. फेरेरोंच्या आधी, 1966 मध्ये, न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ऑकलंडमध्ये शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचं वाचन आठवड्या-आठवड्यानं टिपून ठेवलं होतं. पुढं चांगलं वाचणारी मुलं सुरुवातीला चुकत नव्हती असं नाही. ती चुकली की थांबून स्वतःच मागं येत आणि दुरुस्त करत होती. आपण घरी नेमकं उलटं करतो. मूल ‘भ...’ म्हणेपर्यंत आपलं ‘भेळ!’ तोंडातून निघालेलं असतं. तिला पाचेक सेकंद द्या. तरी अडली तर चित्र दाखवा, पहिलं अक्षर लांबवून म्हणा. रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं तुम्ही तिला वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत. तेव्हा ‘आता तू वाच’ म्हणायचं नाही. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आपल्या गावात आहे. शनिवारी तिला घेऊन जा, मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा आणि पुस्तक तिला निवडू द्या. अगदीच बाळबोध निवडलं तरी चालेल.

जावेच्या मुलाचं थोडक्यात. पेपर खडाखडा वाचणाऱ्या मुलाला काय वाचलं ते कळलंच असेल असं नाही. कळलं असेल तर उत्तमच, त्याचं कौतुक करा. पण घरात चारचौघांसमोर दोघांना पेपर वाचायला बसवू नका. आणि तुम्हीही परीक्षा घ्यायला जाऊ नका, जावेशी उगाच वाकडं येईल.

क्लासची हमी मला पटत नाही. क ते ज्ञ व्यंजनं आणि त्यांच्या बाराखड्या धरल्या तरी चारशेच्या वर अक्षररूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात (आपल्या निपाणीपलीकडची भाषा, लिपीची रचना आपल्यासारखीच) अक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, पुढच्या इयत्तांपर्यंत वेळ लागतो, असं दिसलं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये आणलेल्या ‘निपुण भारत’ या वाचन-लेखनाच्या मोहिमेतसुद्धा समजून वाचण्याचं उद्दिष्ट तिसरीअखेरचं आहे. मग तीन महिन्यांत क्लासवाले काय करतात? बहुधा वळणदार हस्ताक्षर आणि पाठांतर. तरी जायचंच असेल तर आधी एक तास मागं बसून बघू द्या म्हणावं. मुलं स्वतःच्या मनातलं काही लिहितात का, गोष्ट वाचली जाते का, एवढं बघा. बघू देत नसतील तर पैसे भरू नका.

इंग्रजी माध्यमाचा निर्णय तुमच्या घराचा. त्याची बाजू घेणारी आणि विरोधातली कारणं बरीच आहेत, त्यात मी आज शिरत नाही. फक्त काना-मात्रा जमत नाहीत म्हणून तिकडं जाऊ नका. मराठीत जसं बोलतो त्याच्या पुष्कळ जवळचं लिहितो. इंग्रजी स्पेलिंगचा तेवढाही भरवसा नाही, आणि तिथं ‘भेळ खाल्ली, लई भारी’ सांगायला तिच्याकडं अजून शब्दही नाहीत. तिची बोली हीच तिची भांडवलाची थैली आहे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकी बाई फलटणला आल्या त्या तिथले लोक मराठी कशी वेगवेगळी बोलतात याचा अभ्यास करायला. पुढं 1984 मध्ये त्यांनी तिथंच प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर आयुष्य घातलं. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथंही मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला आणि अभिव्यक्तीला मोठी जागा होती. म्हणजे ही वाट आपल्याकडं नवी नाही.

बाईंना दोष देऊ नका. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि वह्या तपासल्याच्या खुणा दाखवायची सक्ती यात लाल पेन चालणारच. त्यांना भेटून एवढंच विचारा, की शुद्धलेखनाची वही आहे तशी राहू दे, पण दुसरी एक वही ठेवली तर चालेल का, जिच्यात लाल पेन फिरणार नाही? बहुतेक बाई हो म्हणतात. त्या वहीत रोज दोन-तीन ओळी, चित्र काढून खाली काहीही. ती ‘गेलतो’ लिहील. लिहू दे. पुस्तकात ‘गेलो होतो’ आलं की ‘आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात’ एवढं सांगितलं की पुरे.

शेवटी काळजीचं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या ओळखीनं. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात, टीव्हीच्या अगदी पुढं बसते, हाक दोनदा मारावी लागते, असं काही असेल तर टाळू नका. दुसरी संपत आली तरी काना लागलेला साधा दोन अक्षरी शब्द जुळवता येत नसेल, कालचं अक्षर आज पूर्ण पुसलं जात असेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचायला असाच फार त्रास झाला असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आसपास करतात, मदत मात्र त्याआधीही सुरू करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, त्यामुळं शाळेकडं सवलती मागताना संकोच करायचं कारण नाही. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसत नाही. तरी जानेवारीत बाईंना पुन्हा भेटा, आणि जाताना दोन्ही वह्या बरोबर न्या.